मुठीचा जोर कमी झालाय, पण व्यायाम पायांचा करा

प्रश्न : ताई नमस्कार, आमचे बाबा ७१ वर्षांचे आहेत, सांगलीला असतात, रिटायर्ड शिक्षक. वजन ६४ किलो, कित्येक वर्षं तेवढंच आहे, शुगर आहे पण गोळ्यांवर कंट्रोलमध्ये. मागच्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या शिबिरात एका मशीनची मूठ दाबायला लावली, २२ किलो आलं आणि सांगितलं सार्कोपेनियाची, म्हणजे वयानुसार स्नायू आणि ताकद कमी होण्याची, शक्यता आहे, प्रोटीन पावडर सुरू करा. तेव्हापासून बाबांनी स्प्रिंगचा ग्रिपर आणलाय आणि टीव्हीसमोर दिवसभर तोच दाबत बसतात. नुसती मूठ दाबून अख्ख्या शरीराचं कसं काय कळतं? ग्रिपरचा उपयोग होईल का? आणि पावडर घ्यायची का?
— एक वाचक

उत्तर : आधी ग्रिपरचं सांगते कारण तेच मला जास्त खटकलं. बाबांनी मन लावून काहीतरी सुरू केलंय याचं कौतुकच आहे, पण ग्रिपरने फार तर पुढच्या वेळी मशीनवरचा आकडा थोडा वाढेल, बाथरूममधून उठताना तोल जायचा तो जाईलच. शितावरून भाताची परीक्षा करतात ना, तसं मुठीवरून सगळ्या शरीरातल्या ताकदीचा अंदाज घेतात. कमी पडतंय ते मांड्या, कुल्हे, पाठ इथे, आणि माणूस पडतो तो तिथली ताकद गेल्यामुळे.

मग मूठच का मोजतात, तर ते सोपं आहे, खुर्चीत बसून दोन मिनिटांत होतं, आणि मुठीचा जोर साधारणपणे बाकीच्या स्नायूंच्या ताकदीबरोबर चालतो. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, १७ देशांतली जवळजवळ १ लाख ४० हजार माणसं, त्यात भारतातलीही होती. त्यात पकड दर ५ किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका साधारण १६ टक्के जास्त दिसला आणि याबाबतीत वरच्या ब्लडप्रेशरपेक्षा पकडच जास्त चांगला अंदाज देत होती. म्हणजे मूठ ढिली म्हणून माणूस जातो असं नाही हं, शरीरात आतून जे काही चाललेलं असतं ते मुठीत लवकर दिसतं इतकंच.

आणि वजन तेवढंच आहे यावर अजिबात जाऊ नका. स्नायू कमी होऊन त्या जागी चरबी वाढली तरी काटा तेच दाखवतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आपल्या लोकांच्या या अंगकाठीबद्दल कितीतरी वर्षं सांगतायत, दिसायला बारीक पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. त्यात बाबांना शुगर आहे, शुगरमध्ये स्नायू लवकर झिजतात. शिवाय वयानुसार स्नायूंच्या आकारापेक्षा ताकद जास्त वेगाने कमी होते, म्हणून हात-पाय दिसायला ठीक असले तरी जोर गेलेला असू शकतो.

आता २२ चं काय. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये जी मर्यादा ठरवली ती पुरुषांना २८ आणि बायकांना १८ किलो, युरोपवाल्यांची २७ आणि १६. दोन्हीप्रमाणे २२ कमीच आहे. पण शिबिरात कसं मोजलं ते बाबांना नीट विचारा. रांग लागलेली असते, उभ्या उभ्या एकदाच दाबायला लावतात, कधी डावा हात, कधी हँडल हाताच्या मानाने फार रुंद. आणि काही मशीनच्या डायलवर पाउंड आणि किलो दोन्ही छापलेले असतात, घाईत कुठलं वाचलं देव जाणे. हायड्रॉलिक मशीन असेल तर नीट पद्धत अशी की खुर्चीत टेकून बसायचं, दंड अंगाला लागून, कोपर काटकोनात, मनगट सरळ, आणि प्रत्येक हाताने वेगवेगळं दोन-तीन वेळा पूर्ण जोर लावून दाबायचं, मध्ये थोडा दम घ्यायचा, जो सगळ्यात जास्त येईल तो धरायचा. स्प्रिंगचं मशीन असेल तर उभं राहून हात खाली सरळ ठेवून मोजतात, त्यामुळे वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा नीट मोजून घ्या, आणि पुढे सहा महिन्यांनी मोजाल तेव्हा तेच मशीन, तोच हात.

घरी मशीनशिवाय बघायचं तर साधी खुर्ची घ्या, हातांची नाही, भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर बांधून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं, कोणीतरी शेजारी उभं राहायचं आणि मोबाईलवर वेळ लावायची. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे असं धरतात. गुडघे फार दुखत असतील तर हे करू नका, त्याऐवजी ६ मीटर नेहमीच्या चालीने चालायला सांगा, ६ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तीही खूण आहे. पोटरीचा घेरसुद्धा बघतात, सगळ्यात जाड जागी शिंप्याची टेप लावायची, पुरुषांमध्ये ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना सांगायचं.

पकड कमी आली म्हणजे सार्कोपेनिया पक्का असं नाही, त्यासाठी स्नायू किती उरलेत ते डेक्सा (एक्स-रेसारखं स्कॅन) किंवा बीआयए (अंगातून अगदी सौम्य करंट सोडून मोजणारं) मशीनवर मोजावं लागतं. पण ती टेस्ट होईपर्यंत थांबायचं काही कारण नाही, नुसता संशय असला तरी व्यायाम आणि जेवणाचं सुरू करा असंच आशियाच्या त्या गटाचंही म्हणणं आहे. फॅमिली डॉक्टरांकडून शुगर, थायरॉइड, बी १२, डी व्हिटॅमिन एवढं बघून घ्या. आणि एकाच हाताचा जोर अचानक गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर ते सार्कोपेनिया नाही, सरळ हॉस्पिटल गाठा.

व्यायाम म्हणजे नुसतं संध्याकाळी फिरणं नव्हे, ते चालू द्या पण त्याने ताकद फारशी वाढत नाही. खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीला हात लावून दंड, रबरी बँड ओढणं, हे आठवड्यातून दोन-तीनदा, आणि सोपं वाटायला लागलं की थोडं जड करत जायचं, इथेच सगळे थांबतात. वय झालं आता काय होणार असं बाबा म्हणाले तर त्यांना सांगा की १९९० मध्ये अमेरिकेत नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला होता आणि त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. बाबा तर अजून ७१ चे आहेत.

पावडर लगेच नको. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे बाबांना दिवसाला ६४ ते ७७ ग्रॅम. आपल्याकडे दोन पोळ्या, भाजी आणि पातळ वरण एवढंच पोटात जातं, त्यात कुठलं होणार. अंडी चालत असतील तर उत्तम, नाहीतर घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं, पनीर, सोयाबीन, दूध-दही हे तिन्ही वेळा थोडं थोडं. तरी कमी पडलं तर पावडर. पण शुगर आहे म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची टेस्ट, बघा, किडनीला त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवायचं नाही.

प्रश्न : माझ्या आईची पकड १३ किलो आली, पण तिच्या अंगठ्याच्या सांध्याला संधिवात आहे. हे खरं धरायचं का?
— एक वाचक

उत्तर : नाही. दुखतं म्हणून हात पूर्ण दाबलाच जात नाही, तेव्हा तो आकडा दुखण्याचा आहे, ताकदीचा नाही. मनगट मोडून गेलेलं असेल, हाताला मुंग्या येत असतील तरी तेच. अशांचं खुर्चीच्या उठबशीवरून नाहीतर चालण्यावरून बघतात, वर दिलंय तसं, बायकांना पोटरीची मर्यादा ३३ सेंटिमीटर. पुढच्या वेळी मोजताना दुखलं तर लगेच थांबायचं आणि रिपोर्टवर अंगठा दुखत होता असं लिहून घ्यायचं, नाहीतर नंतर बघणारा डॉक्टर तो १३ खरा धरून चालेल.