वाचकांचे प्रश्न : पेटीतला तांब्याचा पेनी

प्रश्न : माझे आजोबा आगबोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पेटीत पोर्तुगीज काळातील तांगा नावाच्या नाण्यांसोबत तांब्याची एक जाड चकती सापडली. एका बाजूला पानांच्या वलयात, डोक्यावरून वस्त्र घेतलेल्या दाढीवाल्या पुरुषाचे मुख आहे. दुसऱ्या बाजूला एकमेकांत गुंफलेली इंग्रजी अक्षरे आणि 1787 हे साल आहे. म्हापशाच्या बाजारात एका विक्रेत्याने हे इंग्लंडच्या राजाचे नाणे असल्याचे सांगितले. ते खरे आहे का? आणि चिंचेने घासून उजळले तर चालेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : चिंच, आमसूल, लिंबू यांपैकी काहीही कृपया लावू नका. देवाची तांब्याची भांडी लख्ख करण्याची आपली सवय इथे नडते. दोन शतकांचा तपकिरी थर एकदा गेला की तो परत आणता येत नाही आणि जाणकार संग्राहक अशी चकती पाहताच बाजूला सारतो.

वर्णनावरून हे राजाचे नाणे नव्हे, तर वेल्समधील अँग्लसी बेटावरच्या पॅरिस (Parys) माइन कंपनीने काढलेले व्यापारी टोकन, म्हणजे नाण्याऐवजी चालवलेली खाजगी चकती असावी. ते मुख प्राचीन ब्रिटनमधील ड्रुइड पुरोहिताचे आहे, त्याच्याभोवती ओकची पाने आहेत आणि गुंफलेली अक्षरे कंपनीच्या नावाची आद्याक्षरे आहेत. 1775नंतर 1797पर्यंत इंग्लंडसाठी तांब्याची नवी शाही नाणी निघालीच नाहीत. बाजारात खोटी नाणी बोकाळली होती आणि मजुरांना पगार देण्यापुरते सुटे पैसेही कारखानदारांना मिळत नव्हते. तांब्याची खाणच हाती असलेल्या या कंपनीने मग स्वतःचे पेनी पाडले आणि त्यांवर ‘धारकास एक पेनी देण्याचे आम्ही वचन देतो’ असे कोरले. लोखंडाच्या व्यवसायातील जॉन विल्किन्सन या कारखानदाराने तर स्वतःचीच छबी टोकनावर उमटवली, ज्याचे त्या काळी अनेकांना हसू आले असेल.

आता चकती दोन बोटांत कडेने धरा आणि उन्हाच्या तिरप्या प्रकाशात हळूहळू फिरवा. लंडन, लिव्हरपूल किंवा अँग्लसी येथे मागणी करताच पैसे मिळतील, अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे कडेवर लागली, तर ते टोकन अस्सल असण्याची शक्यता बळावते. कड कोरी असेल किंवा गावे वेगळी असतील, तर सावध राहा. या टोकनांच्या नकला त्याच काळात निघाल्या होत्या, शिवाय 1790च्या दशकात संग्राहकांचा छंद इतका वाढला की केवळ त्यांना विकण्यासाठी वेगवेगळ्या टोकनांचे विजोड ठसे जुळवून टोकने पाडली जाऊ लागली.

गोव्याच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटाऐवजी आम्लरहित कागदाच्या पाकिटात टोकन ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी घाला आणि पावसाळ्यात ती बदलत राहा. विकायचे ठरल्यास ते परदेशी पाठवू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खाजगी व्यक्तीने निर्यात करण्यास 1972च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे.