शरीरातली ‘गुहा’ आणि तिची रूपे

प्रश्न : मुलगी इंदूरला हिंदी माध्यमात जीवशास्त्र शिकते. पुस्तकात ‘उदर गुहा’, ‘नेत्र कोटर’, ‘विवर’ असे शब्द येतात. घरी मराठीत समजावताना काय म्हणावे आणि ते कसे चालवावेत?

उत्तर : मराठीत गुहा डोंगरातच राहू द्या. शरीरात असते ती पोकळी : छातीची पोकळी वर, उदरपोकळी खाली, मधे श्वासपटल. एकवचनात पोकळीत, अनेकवचनात पोकळ्या, पोकळ्यांत. ‘पोकळ’ हे विशेषण. मांडीचे हाड मधून पोकळ असते आणि त्याच्या पोकळीत मज्जा असते. डोळा बसतो ती खोबण. हृदयातल्या पोकळ्यांना मात्र कप्पे म्हणतात, ते चार. रक्त कप्प्यात येते.

‘विवर’ हिंदीत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. म्हणून मोठे विवर, मोठी विवरे. हिंदीला नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे इंदूरकडच्या मराठीत ‘दोन्ही फुप्फुस’ सहज तोंडात येते. म्हणायला हवे ‘दोन्ही फुप्फुसे’.

खरी अडचण अकारान्त स्त्रीलिंगी नामांची. ती अनेकवचन पाहून सोडवा. अनेकवचन आकारान्त असेल तर एकवचनी प्रत्ययापूर्वी ‘ए’ येतो : खाच, खाचा, खाचेत, जांघ, जांघा, जांघेत. काखही तशीच, ‘काखेत कळसा’ आठवा, ‘काखीत’ कोणी म्हणत नाही. अनेकवचन ईकारान्त असेल तर ‘ई’च राहते : खोबण, खोबणी, खोबणीत; पाठ, पाठी, पाठीत. ‘जीभ’ लिहिताना आणखी एक बघा : जिभा, जिभेवर, यांत ‘जि’ ऱ्हस्व होतो.

‘घसा’ चुकतो तो लिहिताना. ‘घश्यात’ किंवा ‘घस्यात’ नव्हे, घशात. ‘सा’चा ‘शा’ होतो, जसे मासा, माशाला. अर्थही सांभाळा. हिंदीत गळा आणि घसा दोन्हीला ‘गला’ चालते, पण मराठीत माळ गळ्यात असते आणि काटा घशात अडकतो.

प्रश्न : दातातल्या ‘कॅव्हिटी’ला पोकळी म्हणावे का?

उत्तर : लेखात चालेल, बोलण्यात नाही. दात किडला, दाताला कीड लागली, दातात खड्डा पडला, असे म्हणतात. (कीड म्हणजे किडा नव्हे. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल करतात आणि त्याने दाताचे वरचे कवच झिजते.) खड्ड्याचे सामान्यरूप ‘खड्ड्या’ : खड्ड्यात चांदी किंवा सिमेंट भरतात.