पाणबुडीतलं विमान : ‘पेटो’विषयी पुन्हा एकदा

ब्रिटिश नौदलाची ‘एम-२’ ही पाणबुडी ‘पार्नल पेटो’ नावाचं पिटुकलं टेहळणी विमान पोटात घेऊन फिरायची, असं मी मागे एकदा ओघात लिहिलं. तेव्हापासून तोच गोंधळ पत्रांतून परत परत येतो आहे. म्हणून ही उत्तरं.

पेटोचं उत्पादन किती झालं?

झालंच नाही. दोन नमुने बनले. पहिला जून १९२५ मध्ये उडाला.

पाणबुडीत विमान ठेवताना पंख काढून ठेवत का?

नाही, दुमडत. पसरलेले पंख सुमारे साडेआठ मीटर. ते मागे अंगालगत घेतले की विमान पाणबुडीच्या मनोऱ्यापुढच्या जलरोधक हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या खोलीत, सरकायचं. त्या जागी आधी बारा इंची तोफ होती. उडवायचं कॅटपल्टने, म्हणजे विमान जोरात पुढे फेकणाऱ्या यंत्राने. परतताना फ्लोटवर, म्हणजे चाकांऐवजी लावलेल्या तरंगत्या पायांवर, पाण्यात उतरायचं, मग क्रेनने उचलून आत. दुमडत्या पंखांशी माझाही बराच संबंध आला. पिन बसल्याचा ‘खट्’ आवाज आला तरी पंखाचं टोक धरून हलवून बघायचं, हे आमच्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

शत्रूने पाणबुडी बुडवून विमान पळवलं, असं भाच्याने व्हिडिओत पाहिलं. खरं का?

ती बुडाली १९३२ साली, सरावात. तेव्हा कोणता शत्रू? विमान पाणबुडीतच सापडलं. भाच्याला सांगा, दुसरं काहीतरी बघ.

हँगरचं दार घाईने उघडलं म्हणूनच ती बुडाली ना?

‘म्हणूनच’ हा शब्द मला खटकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २६ जानेवारी १९३२. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडजवळ समुद्रात सराव चालू होता. साडेदहाला बुडी मारणार, असा संदेश सकाळी आला, आणि नंतर काहीच नाही. साठच्या साठ माणसं गेली. आठवड्याभराने पाणबुडी सापडली तेव्हा हँगरचं दार उघडं, विमान आत. त्यामुळे सगळ्यांनी दारावर बोट ठेवलं, आणि ते पटण्यासारखंही आहे. पाण्यावर उघडी पडलेली पाणबुडी दुबळी असते, त्यामुळे वर येऊन विमान सोडेपर्यंतचा वेळ कमी करायची धडपड असणारच. पण एका मालवाहू जहाजाच्या कप्तानाने एक मोठी पाणबुडी शेपटाकडून पाण्यात जाताना पाहिली होती. ते दृश्य काय सांगतं हे त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं नाही. बंदरात पोचल्यावर सहज बोलला. आता हँगर मनोऱ्याच्या पुढे. पाणी तिथून शिरलं तर आधी नाक खाली जायला हवं. म्हणून काही जाणकार मागच्या आडव्या सुकाणूंवर, म्हणजे पाणबुडीला वर-खाली वळवणाऱ्या पात्यांवर, संशय घेतात. बुडी मारायला टाक्यांत भरलेलं पाणी पूर्ण बाहेर पडण्याआधीच पाणबुडी या सुकाणूंच्या जोरावर वर तोलून धरायची, तेवढ्यात दार उघडायचं, आणि नेमकं तेव्हाच मागचं सुकाणू निकामी झालं तर? दोन्ही तर्कांत दार उघडंच आहे, पण दोष एकाच ठिकाणी नाही. देखभालीत आयुष्य गेलेल्या माणसाला याचीच धास्ती असते: एक बिघाड सापडला की लोक दुसरा शोधायचं थांबवतात. पाणबुडी वर काढून नीट तपासताही आली नाही. स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो या नौदल तळावर बुडालेली जर्मन जहाजं वर आणणारे अर्नेस्ट कॉक्स यांनी जवळजवळ वर्षभर खटपट केली. डिसेंबरात ती पृष्ठभागापासून काही मीटरवर आली, आणि वादळाने पुन्हा तळाशी गेली. यावर नक्की मत बनवायचं तर आधी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे चौकशी करा, माझ्यावर विसंबू नका.

मग ती कल्पनाच बाद झाली का?

ब्रिटिशांपुरती. जपान्यांनी पुढे नेली. १९४२ मध्ये त्यांच्या पाणबुडीवरच्या विमानाने अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलावर बॉम्ब टाकले.

मी ब्रिस्टलला असतो. त्या अवशेषांपर्यंत डायव्हिंग करता येईल?

लोक जातात. तळ तीसेक मीटरवर आहे, सुट्टीत केलेल्या चार दिवसांच्या कोर्सवर उतरू नका. आधी डॉक्टरांची तपासणी, मग तिथल्या प्रशिक्षकाचा सल्ला. आणि ती साठ जणांची कबर आहे. आठवण म्हणून खिळासुद्धा उचलायचा नाही.

ऑनलाइन ‘पेटोचा अस्सल प्रोपेलर’ मिळतोय, प्रमाणपत्रासह. तीन दिवसांत पैसे भरले तर सवलत आहे. घेऊ का?

दोनच विमानं झाली, त्यांचे असे किती प्रोपेलर बाजारात फिरणार? प्रमाणपत्र कुणी दिलं ते विचारा. बहुधा विकणाऱ्यानेच दिलं असेल. जुन्या वस्तूला तीन दिवसांची मुदत लावणारा माणूस तुम्हाला चौकशीला वेळच ठेवत नाही. एखाद्या विमान-संग्रहालयातल्या तज्ज्ञाला लाकूड, हबवरचे शिक्के आणि भोकांची मांडणी प्रत्यक्ष पाहू द्या, तोवर एक रुपयाही पाठवू नका. मलाही फोटो पाठवू नका. फोटोवरून मी काही सांगत नाही.