जुन्या मीटरच्या झाकणाचा २.७५ मिमीचा स्क्रू कोणत्या मापाचा, हे घरच्या घरी कसं ओळखावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: जुना ब्रिटिश बनावटीचा मीटर, मागच्या झाकणाला चार स्क्रू, त्यातला एक हरवलाय. उरलेल्यांचा व्यास व्हर्नियरवर (जबड्यात धरून बारीक माप घ्यायची पट्टी) २.७५ मिमी भरतो आणि बाजारातला एम ३ (३ मिमीचा मेट्रिक स्क्रू) दीड-दोन फेरे जाऊन अडकतो.

आधी तो एम ३ बाहेर काढा आणि पुन्हा जोर लावू नका. भोक पितळेचं असलं तर स्टीलचा स्क्रू जुन्या आट्यांवर तिरके नवे आटे पाडतो, आणि मग योग्य स्क्रूही तिथे धरत नाही. आता उरलेल्या तिघांपैकी एक त्या रिकाम्या भोकात बोटांनी फिरवून बघा. सहज बसला तर भोक शाबूत आहे. नाही बसला तर आधीच्या एखाद्या मेकॅनिकने तिथे भलताच स्क्रू कोंबला होता, आणि तुमचा प्रश्न स्क्रूचा नसून भोकाचा आहे.

व्यासावरून निकाल लागत नाही. स्क्रूचा बाहेरचा व्यास नेहमी नावातल्या मापापेक्षा थोडा कमीच भरतो: चांगला एम ३ साधारण २.८७ ते २.९८ च्या दरम्यान असतो. त्यामुळे २.७५ म्हणजे एम ३ नव्हे, एवढं नक्की. पण ६ बीए (जुन्या ब्रिटिश मालिकेतला, नावाला २.८ मिमी) आणि अमेरिकन ४-४० (नावाला २.८४ मिमी) हे दोन्ही तिथेच येऊन बसतात. शिवाय व्हर्नियरच्या जबड्याचा टोकाकडचा पातळ भाग आट्यांच्या खाचेत उतरतो आणि माप कमी दाखवतो. जबड्याच्या जाड, सपाट भागात स्क्रू धरून मोजा. मायक्रोमीटर असेल तर उत्तमच.

निकाल लावते ती पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. एम ३ ची ०.५ मिमी, ६ बीएची ०.५३, ४-४० ची ०.६३५. एका आट्यावर हा फरक डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून दहा आट्यांवर मोजायचं: ५.०, ५.३ आणि ६.३५ मिमी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आट्यांचे दहा शेंडे मोजणं. दहा शेंड्यांत अंतरं नऊच असतात. पहिल्या शेंड्यापासून अकराव्यापर्यंत मोजा. स्क्रू आखूड असेल तर सहा-सात अंतरं घ्या आणि भागाकार करा.

मोजायला सगळ्यात सोपा मार्ग घरचा स्कॅनर. स्क्रू काचेवर आडवा ठेवून १२०० डीपीआयला (इंचाला १२०० पिक्सेल) स्कॅन करा आणि चित्रात पिक्सेल मोजा. दहा अंतरांना एम ३ चे २३६, ६ बीएचे २५०, ४-४० चे बरोबर ३०० पिक्सेल येतात. डोक्यामुळे स्क्रू तिरका राहतो आणि माप किंचित कमी येतं, शिवाय पातळ स्कॅनर काचेपासून वर उचललेला भाग धूसर दाखवतात. म्हणून डोकं काचेच्या कडेबाहेर राहील असं बघा, किंवा आट्यांच्या टोकाखाली कागदाची घडी द्या. शेजारी ओळखीचा एम ३ ठेवला तर मापपट्टीचीही गरज नाही. मोबाईलने फोटो काढतानाही हीच युक्ती वापरा, फक्त अगदी जवळ जाऊ नका. थोडं मागे येऊन झूम करा, म्हणजे कडा वाकड्या दिसत नाहीत.

स्कॅनर नसेल तर ओळखीच्या स्क्रूचे आटे या स्क्रूच्या आट्यांत बसवून दोन्ही उजेडासमोर धरा. पिच एकच असेल तर शेंडे खाचेत बसतात आणि मधून उजेड येत नाही. वेगळी असेल तर चार-पाच आट्यांनंतर फट दिसायला लागते. पिच गेजची (आट्यांत बसवून पिच ओळखायच्या दातेरी पट्ट्यांची) पाती या मापात इतकी पातळ असतात की मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते.

नमुन्याचा स्क्रूच नसेल, फक्त भोक असेल, तर आगकाडीचं टोक थोडं निमुळतं करून भोकात फिरवा. लाकडावर आट्यांचा ठसा उठतो, त्यावर पिच मोजा.

मीटर ब्रिटिश आहे, म्हणून माझा कौल ६ बीएला. बीए मालिकेची शिफारस १८८४ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने केली. ० क्रमांकाची पिच १ मिमी आणि पुढची प्रत्येक पिच आधीच्या ०.९ पट, म्हणूनच ०.५३ सारखे विचित्र आकडे येतात. आट्यांचा कोनही ६० अंशांऐवजी साडेसत्तेचाळीस. वापरात जास्त करून समक्रमांकच: २, ४, ६, ८. तुमच्या दहा अंतरांचं माप ६.३५ आलं तर मात्र ४-४०. तो मिळवणं सोपं आहे, कॉम्प्युटरच्या जुन्या व्हीजीए केबलच्या दोन बाजूंचे स्क्रू हेच असतात.

याहून बारीक स्क्रूंना हा नियम उलटा लागतो. एम १, एम १.१ आणि एम १.२ तिघांचीही पिच ०.२५. एम १.६ आणि जुना जपानी एम १.७, दोघांची ०.३५. एम २.५ आणि जपानी कॅमेऱ्यांतला एम २.६, दोघांची ०.४५. इथे पिच काहीच सांगत नाही, व्यास दोन-तीन ठिकाणी मोजावा लागतो. एम २.६ च्या भोकात एम २.५ छान जातो आणि डुगडुगत राहतो, लोक वर डिंक लावून देतात.

६ बीए मिळालाच नाही तर भोक २.५ च्या ड्रिलने मोकळं करून एम ३ चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारता येतो. पण जुने आटे २.८ पर्यंत खोल गेलेले असतात, त्यामुळे नव्या आट्यांना धातू कमी उरतो. पितळेत झाकण धरण्यापुरतं चालतं, बेकेलाइटमध्ये (जुनं ठिसूळ प्लास्टिक) करू नका, तुकडा उडतो. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात उरलेला स्क्रू नमुना म्हणून दाखवून आधी विचारा.

लांब स्क्रू मिळाला तर कापण्याआधी त्यावर नट चढवा, मग कापा, टोकाला कानस मारा आणि नट काढा. निघताना तोच दबलेला पहिला आटा सरळ करतो. लांबी डोक्याच्या खालून मोजा, पण स्क्रू काउंटरसंक (डोकं पृष्ठभागात बुडून सपाट बसणारा) असेल तर डोक्यासकट.