वाचकांचे प्रश्न : तंबूच्या पलंगावरची ओल आणि वळकटी

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहतो. गेल्या वर्षी आम्ही जुना हायब्रिड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. त्याचा मधला भाग पक्क्या भिंतींचा आहे आणि पुढच्या व मागच्या टोकाची भिंत खाली पाडली की तिचाच पलंग होतो, ज्याच्यावर कॅनव्हासचा तंबू ताणला जातो. बाकी सारे जमले, परंतु अंथरूण-पांघरुणाने जेरीस आणले आहे. क्वीन मापाची फिटेड चादर गादीवर गोळा होते, रात्री पाठीखालून थंडी लागते, सकाळी गादी उचलली की खालची फळी ओली असते आणि निघताना पलंग बंद करायला दोघांना भिंतीवर रेटा द्यावा लागतो. येत्या जूनमध्ये सासू-सासरे भारतातून येत आहेत. सासूबाई सोबत दोन गोधड्या आणणार आहेत. सर्वांच्या झोपण्याची सोय कशी लावावी? – एक वाचक, मिशिगन

उत्तर : तुमच्या चारही तक्रारींचे मूळ एकच आहे असे मला वाटते. तुम्ही त्या फळीला घरातला पलंग समजता आहात. ती प्रवासात दार असते आणि मुक्कामावर ओटा होते. त्यामुळे तिच्यावर कायमचे अंथरूण घालून ठेवण्याचा हट्ट सोडावा आणि पूर्वी रेल्वेच्या प्रवासात आपण बाळगत असू तशी वळकटी करावी, म्हणजे निम्मा त्रास तिथेच संपतो.

चादरीपासून सुरुवात करू. घरातली क्वीन गादी ६० इंच रुंद आणि ८० इंच लांब असते, तर ट्रेलरमधली बहुधा ७४-७५ इंचच लांब असते, म्हणून दुकानातली फिटेड चादर पायथ्याशी गोळा होते. तुमची गादी फीत लावून नीट मोजा, कारण प्रत्येक बनावटीत इंच-दोन इंचांचा फरक निघतो आणि काहींचे कोपरे गोल कापलेले असतात. समजा ती ६० बाय ७४ आणि चार इंच जाड निघाली. आपल्याकडची साधी डबल चादर ९० बाय १०० इंचांची असते. रुंदीत ६० इंच गादीचे आणि दोन्ही बाजूंच्या जाडीचे आठ इंच गेले, तरी खाली खोचायला प्रत्येक बाजूला ११ इंच उरतात, आणि लांबीत प्रत्येक टोकाला ९ इंच. सासूबाईंना गोधड्यांबरोबर अशा दोन-तीन सुती चादरी आणायला सांगा, शोधाशोध वाचेल. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळते : तंबूत गादीच्या तीन बाजूंना कापड असल्याने गादीवर गुडघे टेकूनच चादर खोचावी लागते आणि ज्या कोपऱ्यावर आपण बसलेलो असतो तोच नेमका सुटतो. म्हणून गादी आतच, सोफ्यावर टेकवून, तिच्यावर चादर चढवावी, खालून आडव्या इलॅस्टिकच्या पट्ट्या लावून ती ताणावी आणि मग सगळी गादी बाहेर सरकवावी.

आता ओल. अमेरिकेत पुलाच्या अलीकडे एक पाटी दिसते : रस्त्याआधी पुलावर बर्फ धरतो. तुमच्या पलंगाचे तेच आहे. खालून मोकळी हवा वाहत असल्यामुळे फळी रात्रभर गार पडते, अंगाची ऊब आणि घामाची वाफ गादीतून खाली झिरपते आणि गार लाकडाला लागली की तिचे पाणी होते. फळी गळत नाही, तुम्हीच ती ओली करता. उपाय दोन जागी करावे लागतात. फळी आणि गादी यांच्यामध्ये हवा खेळेल अशी जाळीदार चटई घालावी. बोटींच्या गाद्यांखाली घालण्यासाठी अशी चटई मिळते आणि ती हवी तशी कापता येते. दुसरे म्हणजे तंबूच्या खिडक्या थंडी असली तरी समोरासमोर दोन बोटे उघड्या ठेवाव्यात आणि छतावरची झडप थोडी वर करावी. थंडीत खिडकी उघडायची हे मनाला पटत नाही हे मान्य आहे, पण सगळे बंद केले की श्वासातली वाफ कॅनव्हासवर साचून पहाटे पांघरुणावर टपटपते, आणि ओल्या पांघरुणात अधिक थंडी वाजते.

ऊब हवी असेल तर ती गादीच्या वर हवी. इथे मला आपल्या घोंगडीची बाजू घ्यायची आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडीच लागते. पावसात मेंढरांमागे हिंडणारे धनगर घोंगडी पांघरतात आणि रात्री तीच अंथरतात, यामागे हेच कारण आहे. ती टोचते, म्हणून गादीवर घोंगडी आणि तिच्यावर चादर असा क्रम ठेवा. घोंगडी नसेल तर लोकरीचे कोणतेही जुने ब्लँकेट चालेल. कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी असेल तर गादीवर घालायचे विजेचे पॅड उत्तम, मात्र त्याची घडी घालू नये. सासऱ्यांना मधुमेहामुळे पायांना संवेदना कमी असेल तर त्यांच्या पायांखाली ते देऊ नये. ट्रेलर गरम करायला गॅसची शेगडी कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पांघरूण तंबूच्या कापडाला टेकू देऊ नका. टेकलेल्या जागी ओल ओढली जाते आणि पहाटे रजईचा एक काठ भिजलेला सापडतो. पावसानंतर एखाद्याच कोपऱ्यात चादर ओली दिसली, तर रजईला दोष देण्याआधी त्या कोपऱ्यातले वेल्क्रो नीट चिकटले आहे का आणि फळीखालची ताणदोरी अडकवलेली आहे का, ते पाहा.

पलंग बंद करताना रेटा द्यावा लागतो, त्याचे कारण बहुधा आत कोंबलेले अंथरूण-पांघरूण. जाड रजया दारात सापडल्या की बिजागऱ्यांवर ताण येतो, कडेचे रबर दबत नाही आणि वाटेत पाऊस लागला तर पाणी आत शिरते. पलंगागणिक एक वळकटी करा : चादर पसरा, तिच्यावर रजई आणि उशा ठेवा, गुंडाळा, पट्टा आवळा आणि सगळे सोफ्यावर ठेवून द्या. मी रजईला सुती खोळ घालतो, त्यामुळे वरची चादर वेगळी लागत नाही आणि धुवायला फक्त खोळ काढावी लागते. चार माणसांना सहा उशा नेण्याची हौस मात्र आवरा. रिकाम्या अभ्र्यात स्वेटर भरला की त्याची उशी होते.

कॅनव्हास ओला असताना बंद करावाच लागला, तर घरी पोचल्यावर एक-दोन दिवसांच्या आत उघडून वाळवा. आम्ही एकदा लडिंग्टनहून रविवारी रिमझिम पावसात निघालो आणि पुढच्या शुक्रवारी पलंग उघडला. आधी कुबट वास आला, मग शिवणीच्या कडेने मोहरीएवढे काळे ठिपके दिसले. ते ठिपके अजून आहेत. गादीही त्या वेळी उभी करून ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते.

राहता राहिले सासू-सासरे. त्यांना तंबूत झोपवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पलंग साधारण कमरेइतका उंच असतो, आणि बाहेरच्या कडेला झोपलेल्या माणसाला रात्री उठायचे झाले तर दुसऱ्याला ओलांडून रांगत यावे लागते. आतल्या जेवणाच्या टेबलाचा जो पलंग होतो तो त्यांना द्या. तिथे भिंती पक्क्या आहेत, जमीन पायाशी आहे आणि स्वच्छतागृह दोन पावलांवर. अडचण एवढीच की तो पलंग बाकांच्या उशांचे तीन-चार तुकडे जोडून होतो आणि सांधे पाठीला टोचतात. सासूबाईंची गोधडी इथेच कामाला येते. ती दुहेरी करून सगळ्या सांध्यांवरून अंथरा आणि वरून चादर घट्ट खोचा. तंबूत मात्र गोधडी नेऊ नका. जुन्या लुगड्यांच्या चार-पाच थरांचे सुती कापड ओल धरते आणि मिशिगनच्या ढगाळ हवेत दोन दिवस वाळत नाही.

प्रश्न : आम्हीही असाच ट्रेलर घेऊन यलोस्टोनला जात आहोत. तिथल्या फिशिंग ब्रिज या कॅम्पग्राउंडला तंबूचे पलंग उघडू देतात का? – एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : नाही. फिशिंग ब्रिजच्या आर. व्ही. पार्कमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या वाहनांच्या तळावर, अस्वलांमुळे फक्त पक्क्या भिंतींच्या वाहनांना प्रवेश आहे आणि कॅनव्हासचा कोणताही भाग असलेले वाहन त्यात बसत नाही. त्याच उद्यानातल्या दुसऱ्या कॅम्पग्राउंडवर जागा मिळवा, आणि आरक्षण करताना वाहनाच्या प्रकारात हायब्रिड असल्याचे स्पष्ट सांगा. तिथेही झोपण्यापूर्वी मुलांच्या अंथरुणातून चिवडा, गोळ्या आणि दुधाची बाटली आठवणीने बाहेर काढा, कारण अस्वलाच्या नाकापुढे कॅनव्हासचा टिकाव लागत नाही.