नागीण झाली होती, म्हणून आता विसरतात का?

प्रश्न: सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. उभं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं, आता आमच्याकडे कांजूरमार्गला असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना कमरेवर नागीण झाली. नणंदबाईंनी आधी गेरूचा लेप लावून आणला, त्यात चार-पाच दिवस गेले. वर्षभरात त्यांचं विसरणं वाढलंय. आमटीत दोनदा मीठ पडतं, जेवून उठल्या की तासाभरात 'आज जेवायचं नाही का?' विचारतात. गेल्या आठवड्यात रात्री एकदम उठून 'गिरणीचा भोंगा झाला, ह्यांचा डबा भरायचाय' म्हणत बसल्या, दिवसभर ग्लानीत होत्या. यजमानांनी वाचलंय की नागिणीचा विषाणू मेंदूत जाऊन डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतो. विषाणूविरोधी गोळ्या सुरू कराव्यात का? लस आता उपयोगी पडेल का? आम्ही दोघांनी पन्नाशी ओलांडली आहे, आम्ही घ्यावी का?
– एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर: ताई, मिठाचं नंतर बघू. मला काळजी वाटली ती त्या भोंग्याची. डिमेन्शिया असा एका रात्रीत येत नाही. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, दिवसा झोपून रात्री जागू लागलं, की बहुतेकदा शरीरात काहीतरी बिनसलेलं असतं. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं (बीपीच्या काही गोळ्यांनी उतरतं), कधी नुसतं तुंबलेलं पोट. ताप नसला तरी संसर्ग असू शकतो, या वयात ताप चढतोच असं नाही. हा अंक मिटवा आणि आजच डॉक्टरांकडे न्या. लघवी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सोडियम, साखर एवढं तरी होऊ द्या. संसर्ग आणि स्मृती यांचा रोज दिसणारा संबंध हा आहे. ज्यांची स्मृती आधीच कमकुवत आहे त्यांना असा भ्रम चटकन होतो, आणि तो होऊन गेल्यावर पुढची घसरणही अनेकदा वेगाने होते. याचे फॉरवर्ड मात्र कुणी पाठवत नाही.

आता औषधांचा डबा काढा. नागिणीनंतर कंबर ठणकत राहिली असेल तर झोपताना घ्यायची एखादी गोळी दिलेली असणार. त्यातल्या काही, विशेषतः अमिट्रिप्टिलिन, म्हाताऱ्या मेंदूला फार सुस्त करतात. दुखणं कधीच थांबलेलं असतं आणि गोळी दोन-दोन वर्षं चालूच राहते, परळच्या माझ्या दवाखान्यात हे मी नेहमी बघते. सर्दीच्या, झोपेच्या, अर्धवट संपलेल्या पट्ट्यासुद्धा पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. मनाने एकही गोळी बंद करू नका, काही हळूहळूच सोडाव्या लागतात. बी-१२ आणि थायरॉइडही तपासून घ्या. मधे कुठे पडल्या असतील, डोक्याला मार लागला असेल, तर तेही सांगा. म्हातारपणी मेंदूवर रक्त हळूहळू साठतं आणि आठवड्यांनी लक्षणं दिसतात.

यजमानांनी वाचलेलं खोटं नाही, पण अर्धं आहे. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूशेजारच्या गाठींत दडून राहतो आणि उतारवयात एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो, ती नागीण. (वाट बहुधा एकाच बाजूची असल्यामुळे वेढा सहसा पुरा होत नाही. तोंड-शेपूट जुळण्याची भीती नणंदबाईंनी सोडून द्यावी.) गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर चांगल्या लागू पडतात. ती वेळ गेरूत गेली, हे खरं. पण त्या उशिरामुळेच आज विसरतात, असं कोणीही सिद्ध करू शकणार नाही. घरात त्यावरून भांडू नका.

लसीचा पुरावा मात्र दमदार आहे. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची लस सुरू झाली तेव्हा २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती मिळणार होती, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे काही दिवसांच्या अंतराने जन्मलेली, बाकी सगळ्या बाबतीत सारखीच माणसं दोन गटांत पडली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अडीच लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या. सात वर्षांत लस घेतलेल्यांत डिमेन्शियाचं निदान सुमारे एक-पंचमांशाने कमी निघालं, स्त्रियांत फायदा जास्त. २०२५ साली हे 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं. विषाणू शांत राहिल्यामुळे हे झालं की लसीने प्रतिकारशक्तीच एकूण तरतरीत केली, यावर अजून वाद आहे.

गोळ्यांचं गणित वेगळं निघालं. ओठावर फोड आणणारा नागिणीचा भाऊबंद, हर्पिस सिम्प्लेक्स, याच्यावर मँचेस्टरच्या संशोधक रूथ इट्झाकी १९९० च्या दशकापासून बोट ठेवत आल्या आहेत. म्हणून सुरुवातीच्या अल्झायमरच्या (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) १२० रुग्णांवर व्हॅलासायक्लोव्हिर या विषाणूविरोधी गोळीची चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला गोळी, ७८ आठवडे. २०२५ मध्ये निकाल आला: काही उपयोग नाही. तेव्हा सासूबाईंना त्या गोळ्या नकोत, मूत्रपिंडावर ताण कशाला?

लस त्यांना आता दिली तर पुन्हा नागीण होण्यापासून वाचवेल. गेलेली स्मृती परत आणणार नाही. तुम्ही दोघांनी मात्र जरूर विचार करा. भारतात २०२३ पासून पन्नाशीपुढच्यांसाठी नवी लस मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. सरकारी लसीकरणात ती नाही आणि खिशाला जड आहे. ती नागिणीसाठी घ्या. मेंदूचा फायदा झाला तर तो वरकड. डिमेन्शिया टाळण्यासाठी म्हणून पैसे जमवत असाल, तर आधी बीपी, साखर आणि कानाचं मशीन यांवर खर्च करा, असं मी सांगेन.

प्रश्न: वडिलांना अल्झायमर आहे. नातू त्यांच्याच ताटात जेवतो. विषाणूमुळे होतो म्हणतात, मग लागण होईल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: नाही. ताटातून डिमेन्शिया लागत नाही. ओठांवरच्या फोडांचा तो विषाणू जगातल्या पन्नाशीच्या आतल्या तिघांपैकी साधारण दोघांच्या अंगात असतोच, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना अल्झायमर होत नाही. वडिलांच्या ओठावर ओला फोड असेल तेवढे दिवस ताट आणि पापे वेगळे ठेवा. त्यापेक्षा जेवताना त्यांना ठसका लागतो का, ते बघा. लागत असेल तर ताठ बसवून, मऊ आणि छोटा घास द्या, पाणी घोटा-घोटाने. या आजारात छातीत अन्न उतरून होणारा न्यूमोनिया फार वाईट.