शेतात सापडलेल्या चांदीच्या पेनी आणि हुकलेले 14 दिवस

लेस्टरशायरमधून एका वाचकांनी लिहिलंय, नाव अर्थातच देत नाही. आयटीत आहेत, वीकेंडला मेटल डिटेक्टर घेऊन ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात फिरतात, परवानगी तोंडी. गेल्या सप्टेंबरात तिथे चांदीची एक पातळ पेनी मिळाली, एकटं नाणं ‘ट्रेझर’मध्ये मोडत नाही असं वाचलेलं म्हणून अल्बममध्ये लावून टाकली. मार्चमध्ये त्याच शेतात, पहिल्या जागेपासून दहा-बारा पावलांवर, अजून दोन पेनी आणि एका पेनीचा कापलेला अर्धा तुकडा. कुणालाच कळवलं नाही आणि आता सहा आठवडे उलटलेत. त्याच अल्बममध्ये ऑनलाइन घेतलेल्या सात-आठ पेनी आहेत, त्यांचे कागद नाहीत. मे महिन्यात साताऱ्याला जायचंय, वडिलांना शिवराई जमवायचा नाद, त्यांना हा अख्खा अल्बम भेट द्यायचा बेत आहे. मित्र म्हणतो गप्प बस, कुणी विचारलंच तर वेगवेगळ्या शेतांत मिळाली म्हणून सांग. त्यांचे प्रश्न तीन: मी गुन्हा केलाय का, नाणी कुणाची, आणि ती भारतात नेता येतील का.

नमस्कार. आधी मित्राचा सल्ला डोक्यातून काढून टाका. उशीर झालाय तो निस्तरता येईल, पण एकदा सापडल्याची जागा खोटी सांगितलीत की आगीतून फुफाट्यात, मग कुठलाही वकील तुम्हाला फारसा उपयोगी पडणार नाही.

आता कायदा. इंग्लंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडला 1996 चा ट्रेझर अॅक्ट लागू आहे (स्कॉटलंडचं वेगळंय, तिथे एकटं नाणंसुद्धा कळवावं लागतं). 300 वर्षांपेक्षा जुनी, 10 टक्क्यांहून जास्त सोनं किंवा चांदी असलेली दोन किंवा जास्त नाणी एकाच ‘फाइंड’मधली असली की ती ट्रेझर. त्या काळच्या पेनीत चांदी 90 टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे तो मुद्दा संपला. म्हणजे सप्टेंबरात तुम्ही जे वाचलं होतं ते बरोबरच होतं, एका सुट्या नाण्यासाठी कॉरोनरकडे (सापडलेली वस्तू ट्रेझर आहे का ते ठरवणारा अधिकारी) जायची गरज नव्हती. मार्चमध्ये चित्र बदललं. ‘एकच फाइंड’ म्हणजे एकाच दिवशी सापडलेलं असं कायदा म्हणत नाही, मुळात ती नाणी एकत्र पडली किंवा पुरली होती का ते बघतो, नांगराने नंतर इकडेतिकडे पांगली असली तरी चालतं.

आणि इथे तुम्ही पाठवलेले फोटोच तुमच्याविरुद्ध बोलतायत. मी ते मोठे करून बघितले. मागच्या बाजूला दुहेरी रेघांचा आखूड क्रॉस, त्याच्या चारही कोनांत चार-चार ठिपके, पुढे मुकुटवाला चेहरा आणि ‘हेन्रिकस रेक्स’. ही शॉर्ट क्रॉस पेनी, 1180 ते 1247 या काळातली. तुम्ही लिहिलंय की सगळी एकाच राजाची दिसतात, पण तसं असेलच असं नाही, कारण दुसऱ्या हेन्रीनंतर रिचर्ड आला, जॉन आला, तरी नाण्यावर नाव हेन्रीचंच राहिलं, तिसरा हेन्री गादीवर येईपर्यंत. म्हणून ही नाणी नावावरून लावत नाहीत, केसांच्या वळ्या आणि अक्षरांची घडण बघून क्लास, म्हणजे उपप्रकार, ठरवतात. मागे कडेने टाकसाळीच्या माणसाचं नाव आणि गाव असतं, तुमच्या एका पेनीवर शेवटी ‘लुंड’ वाचता येतंय म्हणजे लंडन, दुसरीवर ‘कॅन’ म्हणजे कँटरबरी. तो अर्धा तुकडा मोडलेला नाही, मुद्दाम क्रॉसच्या रेघेवर कापलाय. अर्ध्या पेनीची गोल नाणी नेहमीच्या वापरात आली ती पहिल्या एडवर्डच्या काळात, 1280 च्या सुमारास, तोवर सुट्टे पैसे हवे असले की पेनी कापायची.

एकाच काळातली साडेतीन नाणी, दहा-बारा पावलांत, आणि त्यात सुट्ट्यासाठी कापलेला तुकडा, हे कुणाच्या तरी कंबरेच्या थैलीतले पैसे असू शकतात. नसतीलही, जुन्या बाजाराच्या जागी वर्षानुवर्षं एकेक नाणं सांडत गेलेलं असतं आणि तसं ठरलं तर ती ट्रेझर होणार नाहीत. पण हे ठरवायचं काम कॉरोनरचं आहे, तुमचं नाही आणि माझंही नाही.

मुदत 14 दिवसांची, सापडल्यापासून किंवा हे ट्रेझर असू शकेल असं तुम्हाला वाटायला सबळ कारण मिळालं तेव्हापासून. तुम्ही मला ज्या अर्थी ‘दोन झाली म्हणजे प्रॉब्लेम आहे ना’ असं विचारताय, त्या अर्थी कारण मिळालेलं आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पण रास्त कारण असेल तर बचाव आहे. घाबरवायला हे लिहीत नाहीये. स्वतःहून, उशिरा का होईना, पण खरं सांगत आलेल्या माणसाकडे आणि लपवणाऱ्याकडे एकाच नजरेने बघितलं जात नाही. 2015 मध्ये लेमस्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला मोठा साठा मिळाला, त्यांनी तो दडवून विकायला काढला, 2019 मध्ये त्यांना चोरीसकट बऱ्याच कलमांखाली 10 आणि साडेआठ वर्षं झाली, पुढे अपिलात ती कमी झाली तरी वर्षांतच राहिली. अंदाजे 300 नाण्यांपैकी तीसेक हाती लागली. त्यात वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा सिओलवुल्फ (तेव्हाच्या इंग्लंडातली ही दोन वेगळी राज्यं) दोघांना शेजारी-शेजारी बसवलेली नाणी होती, म्हणजे या दोन राजांच्या संबंधांचा पुरावाच, आणि बाकीची बहुतेक कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही. मला याचा अजूनही राग येतो. नाणं कुठे पाडलं ते नाण्यावर असतं, पण ते मातीत कुठे मिळालं हे सापडवणाऱ्यानेच लिहून ठेवावं लागतं, त्याने नाही लिहिलं तर ते गेलंच.

तर सोमवारी तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला फोन करा, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा माणूस असतो तो, तोच कॉरोनरपर्यंत कळवतो. सप्टेंबरचं नाणंसुद्धा सांगा. प्रत्येक नाण्याला वेगळं पाकीट, वर पेन्सिलने तारीख आणि फोनमधल्या मॅपवरची नेमकी जागा, पावती मागून घ्या. आणि घरची चांदी घासतो तसं टूथपावडर किंवा चिंच लावू नका, जेमतेम दीड ग्रॅमचं नाणं आहे, वर राहिलेली अक्षरंच पुसाल. उशीर का झाला याबद्दल लेखी काही द्यायच्या आधी मात्र मला किंवा जवळच्या सॉलिसिटरला दाखवा.

मालकीचं म्हणाल तर ट्रेझर ठरलं की मालकी क्राउनची, म्हणजे राजसत्तेची. म्युझियमला हवं असेल तर किंमत ठरते आणि बक्षीस साधारण निम्मं तुम्हाला निम्मं जमीनमालकाला मिळतं, उशिरा कळवल्याबद्दल तुमचा हिस्सा कापला जाऊ शकतो याची तयारी ठेवा. कुणाला नको असेल तर नाणी परत येतात. ट्रेझर नाहीच ठरली तर वेगळा करार नसल्यास ती जमीनमालकाची, तुमची नव्हे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. शिवाय तुमचा शेतकरी स्वतः मालक आहे की कुळ, ते विचारलंत का? कुळ असेल तर परवानगी मालकाची लागते. आता लेखी करार करा, पण त्यावर आजचीच तारीख घाला, मागची तारीख घालायचा मोह अजिबात नको.

विकत घेतलेली नाणी आजच अल्बममधून वेगळी काढा. ऑर्डरचे ईमेल, बँकेची एन्ट्री, विक्रेत्याचे फोटो, जे मिळेल ते एका फोल्डरमध्ये टाका आणि प्रत्येक विक्रेत्याला सापडल्याची जागा विचारा. उत्तर उडवाउडवीचं आलं तर त्याच्याकडून पुन्हा घेऊ नका, कारण 2003 च्या एका कायद्याने बेकायदा खोदून काढलेली वस्तू माहीत असून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

साताऱ्याचा बेत या मे महिन्यात नको. इथल्या मातीत सापडलेलं नाणं देशाबाहेर न्यायला, किंमत कितीही कमी असली तरी, लायसन्स लागतं आणि त्याचा अर्ज आर्ट्स काउन्सिल इंग्लंडकडे करायचा. चौकशी चालू असलेली नाणी तर कुठेच हलवायची नाहीत. पलीकडे आपला 1972 चा पुरावस्तू कायदा आहे, 100 वर्षांहून जुनं कुठलंही नाणं त्यात येतं, आणि भारताबाहेर अशी वस्तू खासगी माणसाला नेता येत नाही. उद्या वडिलांनी प्रेमाने ‘तूच ठेव’ म्हणून परत दिली तर ती विमानात घेऊन बसणं हा नवा गुन्हा. वडिलांसाठी आत्ता दोन्ही बाजूंचे मोठे प्रिंट काढून न्या, शिवराईवरची झिजलेली अक्षरं लावणाऱ्या माणसाला क्लास ओळखायला मजा येईल. भेट द्यायचीच तर विकत घेतलेल्यांपैकी एखादी, कागद पूर्ण असतील ती, लायसन्स काढून पुढच्या खेपेला.

शेतकऱ्याबरोबरच्या कराराचा मसुदा मला पाठवा, त्याच्या जमिनीच्या मालकीचं काय ते कळल्यावर. पावतीचा नंबरही कळवा.